चर्नी रोडचा समुद्र

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर समुद्राची आठवण होण्याचं काहीच कारण नाही. रिक्षांचे हॉर्न, कापडाचे तागे भरलेले टेम्पो, गल्लीबोळांतून येणारी यंत्रमागांची खडखड. पण हे गाव मुळात बंदराचं. गावाला वळसा घालून जाणारी कामवारी नदी पुढे वसईच्या खाडीला मिळते. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात झाली ती याच खाडीच्या आधाराने. पुढे व्यापार मुंबईकडे सरकला आणि भिवंडी मागांची झाली.

खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांतल्या पोरांना पाण्यातले जीव कुणी मुद्दाम दाखवले नाहीत. चिखलावर टणाटण उड्या मारणारी निवटी, बिळातली चिंबोरी, खडकाला घट्ट चिकटलेली कालवं आणि जाळ्यात आलाच तर घरभर कौतुक होणारा जिताडा, ही त्यांची बाराखडी. माग चालवायला तेलंगण आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांच्या वाट्याला ही खाडी फारशी आली नाही. त्यांच्यासाठी समुद्र होता चर्नी रोडला, शाळेच्या सहलीतला.

मासे टाकीत ठेवून लोकांना दाखवायची कल्पना विलायतेतली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 मध्ये पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. मद्रासने 1909 मध्ये मरीना किनाऱ्यावर आपलं मत्स्यालय उभारलं. मुंबई मात्र सात बेटांची, कोळ्यांची, बंदराची. तरी तिला 1951 उजाडावं लागलं! मरीन ड्राइव्हवरच्या इमारतीला 8 लाख रुपये खर्च आला. त्यातले 2 लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूराचे, म्हणून नावही त्यांचं. उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद आले होते.

त्यानंतर कित्येक वर्षं ठाणे जिल्ह्यातल्या शाळांची मुंबई सहल ठरलेली असे: राणीची बाग, गेटवे, तारापोरवाला. भिवंडीहून ठाण्याला किंवा कल्याणला यायचं, लोकल धरायची, दादरला पश्चिम रेल्वेची गाडी पकडायची आणि चर्नी रोडला उतरायचं. डब्यातली पोळी-भाजी बहुधा वाटेतच संपलेली. बाजारात पाटीवर आडवा पडलेला मासाच ज्यांनी पाहिला होता, त्यांना इथे तो कल्ले हलवत, वळत, दुसऱ्याला हुसकावत पोहताना दिसला. एवढं एक काम या मत्स्यालयाने पिढ्यान्‌पिढ्या चोख केलं.

मार्च 2015 मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडलं. नवलाई होती 12 फुटी ॲक्रिलिक बोगद्याची. माशांच्या पोटाखालून चालायची मौज खरी, पण 12 फूट म्हणजे चार-पाच पावलं. पोरं उलटी फिरून पुन्हा रांगेत. तारामासा हाताळता येईल असं उथळ कुंडही होतं. मुलांना ते फार आवडे. तारामाशाला कितपत आवडत असेल, हा प्रश्न वेगळा. खटकण्यासारखी गोष्ट एकच. गर्दी व्हायची ती रंगीबेरंगी शोभेच्या माशांपुढे, आणि आपल्या खाडीतली निवटी पोरांना परकीच राहिली.

करोनाच्या साथीत, 2020 मध्ये, मत्स्यालयाची दारं बंद झाली आणि पुढे इमारतही धोकादायक ठरली.

त्याआधीच, 2017 मध्ये, ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम सुरू झाला होता. ओहोटीच्या वेळी गिरगाव, जुहू, हाजी अलीच्या खडकांवर लोकांना नेऊन तिथले जीव दाखवायचे. खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुलं, सागरी गोगलगायी, शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे आणि नशीब असेल तर ऑक्टोपससुद्धा. हाजी अलीला प्रवाळही आहेत, हे कित्येक मुंबईकरांना कळलं ते सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी 2020 मध्ये त्यांच्या काही वसाहती हलवाव्या लागल्या तेव्हा.

भिवंडीच्या शाळांना तर इतकं लांब जायचंही कारण नाही. ठाण्यापलीकडे ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून ठाणे खाडीत बोटीने फिरता येतं, रोहित पक्षी आणि खारफुटी जवळून दिसतात. शिक्षकांनी सहल आखताना अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची तारीख धरावी, कारण उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी जास्त मागे हटतं आणि चिखलावरची निवटी पोरांना मनसोक्त पाहता येतात.