परदेशांतील पदवीचें मोल

खडकवासल्याचा तलाव पुण्याला एक साधा धडा देतो. पाऊस चार महिने पडतो. तहान मात्र बारा महिने लागते. पडलेलें पाणी अडवून मोजून सोडलें तरच तें पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतें. परदेशीं जाऊन अर्थशास्त्राची किंवा व्यापारशास्त्राची पदवी मिळवूं पाहणाऱ्याच्या पैशाचेंही तसेंच आहे. द्रव्य एकदां हातीं येतें, खर्च वर्षानुवर्षें चालतो. आणि द्रव्याबरोबर काळही मोजावा लागतो. या हिशेबाचें बोलकें उदाहरण डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेंत सांपडतें.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून ते १९१२ सालीं बी. ए. झाले. पुढच्याच फेब्रुवारींत वडील रामजी निवर्तले. घरच्या बळावर परदेश गांठणें अशक्य होतें. तेव्हां बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली. पौंड त्या काळीं पंधरा रुपयांचा. म्हणजे महिन्यास सुमारें १७२ रुपये. मोबदला म्हणून दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार होता.

१९१५ सालीं ते एम्. ए. झाले. १९१६ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें नांव घातलें; पण शिष्यवृत्तीची मुदत सरली व १९१७ सालीं अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावें लागलें. विद्यापीठानें एवढीच सवलत दिली कीं, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आंत तो पुन्हां सुरू करावा. कराराप्रमाणें ते बडोद्यास रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांस राहण्यास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेंतूनही जमावानें त्यांना बाहेर काढलें. ज्या कराराच्या आधारावर शिक्षण झालें, तो पाळावयास निघालेल्या माणसाला त्या शहरांत छप्पर मिळालें नाहीं. नोकरी सुटली, पण लंडनची मुदत चालूच होती.

आतां योजना स्वतःची करावयाची होती. १९१८ च्या नोव्हेंबरांत ते मुंबईच्या सिडनॅम कॉलेजांत, म्हणजे वाणिज्याच्याच विद्यालयांत, अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. त्यांतून घरखर्चापुरतें देऊन बाकी शिल्लक टाकावयाची, असा त्यांचा क्रम असे. त्या तुटपुंज्या रकमेंत संसार रेटण्याचें काम रमाबाईंनीं केलें. पदवीच्या खर्चांतील हा वांटा कोणत्याही पावतीवर दिसत नाहीं. शिलकेंत कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य व मित्र नवल भथेना यांचें पांच हजारांचें कर्ज मिळाल्यावर १९२० च्या सप्टेंबरांत, मुदतीस वर्ष उरलें असतां, ते लंडनला पोंचले.

तो काळ रुपयाच्या चढउताराचा होता. १९२० च्या आरंभीं रुपया दोन शिलिंगांच्याही वर चढला होता; वर्षभरांत तो सोळा पेन्सांच्या आसपास उतरला. रुपयांत साठवून पौंडांत खर्च करणाऱ्यास याचा अर्थ सांगावा लागत नाहीं. सकाळपासून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत बसावें व पोटाला चिमटा घ्यावा, असा दिनक्रम ठेवून ते १९२१ सालीं एम्. एस्सी. व १९२२ सालीं बॅरिस्टर झाले. डी. एस्सी.चा प्रबंध त्यांनीं रुपयाच्याच प्रश्नावर लिहिला. परीक्षकांनीं तो फिरून लिहावयास सांगितलें तेव्हां लंडनांत राहण्यापुरता पैसा उरला नव्हता. त्यांनीं मुंबईस येऊन तें काम पुरें केलें व १९२३ च्या अखेरीस पदवी मिळाली.

कोलंबियाची पीएच्. डी. तर त्याहूनही लांबली. प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्यावांचून ती पदवी मिळत नसे. पुस्तक १९२५ सालीं छापून निघालें, पदवी १९२७ सालीं हातीं आली. बोटीवर पाय ठेवल्यापासून चौदा वर्षें लोटलीं होतीं.

परदेशीं मूल धाडणारें घर फी, प्रवास व राहणें यांचा आंकडा मांडतें. त्याखालीं आणखी तीन रकाने आंखावे लागतात: नाण्याचा भाव बदलला तर काय, काम मुदतींत झालें नाहीं तर काय, आणि मागें राहिलेल्यांनीं कशावर भागवावें. आंबेडकरांना हे तिन्ही भरावे लागले. पहिल्या खेपेस दुसऱ्याच्या पैशाबरोबर दुसऱ्याची मुदत आली. दुसऱ्या खेपेस त्यांनीं आधीं शिल्लक केली, मगच बोट गांठली.