बत्तीचा नंबर

माझी सगळी नोकरी एका खिडकीत गेली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीची ती लॅम्प रूम. खिडकीतून माणूस पितळी बिल्ला आत सरकवायचा आणि मी त्याच नंबरची बत्ती त्याच्या हातात द्यायचो. पाळी सुटली की तो बत्ती द्यायचा, मी बिल्ला परत करायचो. बिल्ला माझ्या खिळ्यावर असेपर्यंत तो माणूस जमिनीखाली आहे, एवढं साधं गणित.

खाणीतल्या यंत्रांचा विषय निघाला की लोक डंपर आणि शॉवेलबद्दल बोलतात. मला बत्तीबद्दल सांगायचं आहे. खाण किती बदलली हे मी तिच्यावरूनच ओळखतो.

तिची गोष्ट दूरवर सुरू होते. २५ मे १८१२ रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या फेलिंग खाणीत गॅसचा स्फोट झाला आणि ९२ जण गेले. त्यांत कितीतरी लहान पोरं होती. त्या काळी उजेडाला मेणबत्ती असायची, नाहीतर ‘स्टील मिल’. म्हणजे एक पोरगा पोलादी चाक गारगोटीवर घासून फिरवत बसायचा आणि त्या ठिणग्यांच्या उजेडात मोठी माणसं कोळसा खोदायची. ठिणगीनं गॅस पेटत नाही असा लोकांचा समज होता. तो खोटा ठरला, माणसं मेल्यावर. फेलिंगच्या मृतांना मूठमाती देणारे पाद्री जॉन हॉजसन गप्प बसले नाहीत. त्यांनी अपघाताची हकिगत छापली. पुढे सुरक्षेसाठी एक मंडळ उभं राहिलं आणि १८१५ मध्ये सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाकडे सुरक्षित बत्तीचं काम गेलं.

डेव्हीनं ज्योत बारीक तारेच्या जाळीत कोंडली. जाळी उष्णता ओढून घेते, त्यामुळे बाहेरचा गॅस पेटण्याइतका तापत नाही. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत ही बत्ती खाली नेऊन पारखली गेली. डेव्हीनं पेटंट घेतलं नाही. त्याआधी १८१५ मध्येच किलिंगवर्थच्या खाणीतल्या जॉर्ज स्टीव्हन्सननंही, ज्यानं पुढे रेल्वेत नाव काढलं, आपली वेगळी बत्ती बनवली होती. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला हे सुचेलच कसं, असं शहरातले मोठे लोक म्हणाले. त्याचा मला आजही राग येतो.

पण बत्ती आली म्हणून मरणं थांबली नाहीत. गॅसमुळे सोडून दिलेल्या खाणी मालकांनी पुन्हा उघडल्या, आणखी खोल गेले. जाळीतून उजेड मेणबत्तीपेक्षाही कमी यायचा. मजुरी कोळशाच्या मापावर, म्हणून माणसं बत्ती उघडून काम करायची. मग बत्तीला कुलूप आलं. वाऱ्याचा झोत जोराचा असला की ज्योत जाळीबाहेर पडायची, म्हणून काच आली, दुहेरी जाळी आली, वर पत्र्याचं टोपण आलं. माझ्या खिडकीत आलेली बत्ती अशी सत्तर-ऐंशी वर्षांच्या मरणांतून घडलेली होती.

आमच्या वर्धा खोऱ्यात वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली आणि बल्लारपूरकडे काम सरकलं. इकडच्या बहुतेक खाणींत गॅस कमी, त्यामुळे उघड्या दिव्यांवर भागायचं. माझे आजोबा रॉकेलची चिमणी घेऊन उतरायचे. पाळी संपवून घरी आले की थुंकी काळी आणि नाकपुड्यांत काजळी, असं आजी सांगायची.

मी लागलो तेव्हा डोक्यावर कॅप लॅम्प आणि कमरेला दोन-अडीच किलोची बॅटरी आली होती. बॅटरीतलं ॲसिड सांडून पँटला भोकं पडायची, कातडीही सोलायची. ज्योतीची बत्ती आता सरदार आणि ओव्हरमन या देखरेख करणाऱ्यांच्याच हातात राहिली, हवा पारखायला. वात अगदी खाली करायची, पिवळेपणा गेला की बत्ती हळूहळू चालीकडे, म्हणजे छताकडे न्यायची. गॅस असला तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. सव्वा टक्क्याची टोपी पुसट असते, सरावलेल्या डोळ्यालाच दिसते. ती दिसली की वीज तोडायची, माणसं मागे घ्यायची. जमिनीलगत ज्योत मलूल झाली तर प्राणवायू कमी. माणूस कोसळायच्या आधी ज्योत विझते. एका ज्योतीत वरचं आणि खालचं, दोन्ही मरणं वाचता यायची.

आज हे आकडे मीटर दाखवतो आणि हद्द ओलांडली की भोंगा देतो. ते चांगलंच आहे. थकलेल्या डोळ्याला पुसट टोपी चुकू शकते. एलईडीची बत्ती काही शे ग्रॅमची, कमरेला वजन नाही, ॲसिड नाही. माझा पुतण्या ती लावून उतरतो तेव्हा मला बरं वाटतं. काही खाणींत टॅग आलेत, कोण कुठल्या गॅलरीत आहे ते वर पडद्यावर दिसतं.

माझा पडदा म्हणजे खिळ्यांची फळी. एका पावसाळ्यात पहिली पाळी सुटली, सगळे बिल्ले गेले, १४७ राहिला. तो छताला लाकडी टेकू लावणाऱ्या टिंबरमनचा. हाजिरीबाबू म्हणाले, परस्पर घरी गेला असेल. बत्ती न देता? मी हटून बसलो. माणसं परत खाली गेली. तो करवत विसरला म्हणून मागे फिरला होता, वाटेत बत्ती गेली. अंधारात चालायचं नाही हे शिकवलेलं त्यानं पाळलं आणि डबे ओढायचा हॉलेजचा दोर हातात धरून दीड तास एका जागी बसून राहिला.

वर आल्यावर तो पाण्याकडे गेला नाही, आधी खिडकीशी आला. बंद बत्ती आत ठेवली आणि हात पुढे केला.

“भाऊ, माझा बिल्ला द्या.”