पाद्रीचे पुराण आणि नदीपलीकडचा वाचक

फादर स्टीफन्स ह्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा विचार आपल्याकडे बहुधा त्यातील मराठीच्या स्तुतीपासून सुरू होतो व पुष्कळदा तेथेच थांबतो. ती स्तुती सुंदर आहे, ह्यात वाद नाही. परंतु ग्रंथकर्ता प्रथम गावचा पाद्री होता आणि मग कवी, ही गोष्ट तिच्या प्रकाशात दिसेनाशी होते.

१५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरलेला हा इंग्रज जेजुइत पुढील सुमारे चाळीस वर्षे मुख्यतः साष्टीत वावरला. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे पाच जेजुइत मारले गेले. त्याच वर्षी बंधूस धाडलेल्या पत्रात स्टीफन्सने तो प्रसंग वर्णिला आहे आणि त्याच पत्रात येथील भाषांचे ग्रीक-लॅटिनशी असलेले साम्यही नोंदविले आहे. एकाच कागदावर रक्त आणि व्याकरण! त्याच्या भाषाप्रेमाबद्दल लिहिताना ह्या शेजाराचा विसर पडू नये, असे मला वाटते.

पुराणाचा उपक्रम मोठा बोलका आहे. धर्मोपदेश चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस पुसतो, की आमची पहिली पुराणे तुम्ही वारलीत, तर त्यांच्या जागी तशीच दुसरी आम्हांस का देत नाही? हा प्रश्न तत्त्वज्ञाचा नव्हे. सणवार, उपवास, रात्रीची पोथी ही सारी एकाएकी रिकामी झालेल्या घरचा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्या झाल्या. स्वर्गाला ‘वैकुंठ’ हाच शब्द राहिला, गुरू पाद्री झाला तरी ‘पाद्रीगुरू’ म्हणविला गेला. ऐकणाऱ्याच्या कानाला जे ठाऊक होते त्यातच नवा धर्म सांगावा, ही खऱ्या पाळकाची दृष्टी होय.

त्याची दुसरी इच्छा मात्र अपुरी राहिली. १६०८ साली आपल्या संघाच्या प्रमुखास त्याने लिहिले, की मलबारात झाले तसे ह्या भूमीच्या भाषेत व लिपीत काही ग्रंथ छापले जावेत, असे मला कित्येक वर्षे वाटते; पण युरोपच्या चोवीस अक्षरांच्या ठिकाणी येथे सहाशेच्या घरात साचे ओतावे लागतील, ही एक अडचण. तेव्हा १६१६ साली रायतूरला ग्रंथ छापला गेला तो रोमन अक्षरांत. १६४९ व १६५४ च्या आवृत्त्याही तशाच. ह्या तिन्हींपैकी एकही प्रत आज ज्ञात नाही.

आता उत्तरेकडे वळू. १६१६ साली डिचोली व पेडणे हे प्रदेश विजापूरकरांकडे होते. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर देवळाच्या विध्वंसानंतर पैलतीरी डिचोली महालातील नार्वे गावी आलेला होता. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. म्हणजे ज्यांनी देव घेऊन नदी ओलांडली आणि जे मागे राहून ख्रिस्ती झाले, त्यांच्या पोथीची भाषा पुष्कळ अंशी एकच होती. लिपी तेवढी दुभंगली. साष्टीतल्या श्रोत्याला जी ओवी सहज उमगे, ती पेडण्याच्या पुराणिकासमोर पुस्तकरूपाने ठेविली असती तर अक्षरओळखीअभावी मुकी राहिली असती.

पुढे १६८४ साली व्हाइसरॉय कोंदी द आल्वोर ह्याने तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. पाद्रीने जी भाषा चर्चमध्ये आणली, तिला राज्यकर्त्याने दाराबाहेर काढले. डिचोली १७८१–८२ च्या सुमारास व पेडणे १७८८ मध्ये सावंतांकडून पोर्तुगिजांकडे गेले, तेव्हा ह्या नव्या काबिजादींत धर्माचाराला हात न लावण्याचे धोरण होते. तेथे मराठी पोथी टिकली ती ह्या उशिरामुळे, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुराण मात्र स्थलांतरित ख्रिस्ती कुटुंबांबरोबर हस्तलिखितांत कानड्यात गेले, आणि तेथूनच १९०७ साली मंगळुरास जोसेफ साल्ढाणांची रोमन आवृत्ती निघाली. पुढे जस्टिन ॲबट ह्यांनी लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी प्रतीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. देवनागरीत छापलेला ग्रंथ शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनाने पुण्यास १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी गोव्याच्या मुक्तीला अजून पाच वर्षे अवकाश होता, आणि पेडण्याची पूर्व-उत्तर सीमा सावंतवाडीच्या मुलुखाशी परक्या राज्याची सीमा म्हणून उभी होती.