बेस गिटार: कठीण म्हणजे नेमकं काय?



आजचा विषय या व्यासपीठाला थोडा नवा आहे. नाट्यगीत, भजन, डबलबारी यांवर रत्नागिरीत अधिकाराने बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. पण इथल्याच मुलांच्या हातात आता बेस गिटार दिसते, आणि सोपी गाणी बसवून झाली की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: 'आता कठीण काय घेऊ?' मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वादन नाही. त्यामुळे मी या प्रश्नातल्या एकाच शब्दापाशी थांबतो. कठीण म्हणजे काय? या वाद्याच्या इतिहासातच त्याचं उत्तर आहे, असं मला वाटतं.

आधी वाद्य समजून घेऊ. चार जाड तारा, आवाज खर्जाचा. आपल्या बैठकीत तंबोरा सुराची जमीन धरतो आणि डग्गा लयीला वजन देतो. रॉकमध्ये ही दोन्ही कामं एकच माणूस करतो. बेसवाला म्हणजे अर्धा तंबोरा, अर्धा डग्गा! तो चुकला तर कोण चुकलं हे श्रोत्याला सांगता येत नाही, पण गाणं डळमळलं हे लगेच कळतं.

पूर्वी हे काम डबल बेस करायचा. माणसाएवढं उंच वाद्य, गळ्यावर पडदे नाहीत, सूर अंदाजाने शोधायचा. 1951 मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेवर चालणारी, पडदे असलेली बेस गिटार बाजारात आणली. नाव ठेवलं 'प्रिसिजन', म्हणजे अचूकता. पडद्यांमुळे सूर नेमका लागू लागला, वाद्य खांद्याला अडकवता येऊ लागलं, आणि मागे उभा राहणारा वादक हळूहळू पुढे सरकला.

सुरुवातीला त्याच्याकडून अपेक्षा मात्र जुनीच होती: मूळ सूर धरा, बाकी काही करू नका. ती चौकट मोडणाऱ्यांत जेम्स जेमरसन यांचं नाव आधी घ्यावं लागतं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत ते वाजवत. उजव्या हाताचं फक्त एक बोट वापरत, पण त्यांची बेस लाइन गाण्याच्या आत दुसरं गाणं गायची. त्या गाण्यांवर जग नाचलं, आणि तबकडीवर त्यांचं नाव नसायचं. ते छापलं गेलं 1971 मध्ये, मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर. हे साल लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

रॉकमध्ये 1965 साली 'द हू'च्या 'माय जनरेशन'मध्ये जॉन एंटविसल यांनी बेसवर चक्क एकल तुकडा वाजवला. 1975 मध्ये स्टीव्ह हॅरिस या बेसवाल्यानेच 'आयर्न मेडन' स्थापन केला. दोन बोटांनी घोड्याच्या टापांसारखी लय धरायची ही त्यांची खूण. हा बँड 1 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत वाजवून गेला.

आता मूळ प्रश्न. मला कठीणपणाचे तीन प्रकार दिसतात.

पहिला हाताचा. हॅरिस यांचं 'द ट्रूपर' घ्या, किंवा 'मेटालिका'च्या क्लिफ बर्टन यांचा 1983 चा बेस सोलो घ्या. इथे वेग आहे, दम लागतो. रियाज केला की हा कठीणपणा वितळतो.

दुसरा डोक्याचा. 'पिंक फ्लॉइड'चं 'मनी' बहुतांशी सात मात्रांत आहे. चारात मोजायची सवय असलेला तिथे अडखळतो. रूपक ऐकत वाढलेल्या कानाला सात ही संख्या परकी नाही, खंड तेवढे नव्याने समजून घ्यावे लागतील. 'लेड झेपेलिन'चं 'ब्लॅक डॉग' याहून खट्याळ आहे. त्याची मुख्य ओळ त्यांचे बेसवादक जॉन पॉल जोन्स यांनी रचली. ड्रम आपल्या चालीने जातो आणि ओळ त्याच्यावरून तिरकी सरकते. तबलजी ठेका सोडत नाही आणि गायक समेला चकवत चकवत येतो, तसंच हे.

तिसरा मनाचा, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. 'यू टू'चं 1987 चं 'विथ ऑर विदाउट यू' ऐका. जवळजवळ पूर्ण गाणं बेसवर तेच चार सूर फिरतात. आठवड्याभरात बेस शिकलेला मुलगाही ते वाजवील. पण जवळपास पाच मिनिटं तोच दाब, तीच लय, आणि एकही जास्तीची करामत नाही? विलंबित ठेका धरणाऱ्या तबलजीला विचारा, यात काय लागतं ते!

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे काय होतं? गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. चर्चच्या गायनात सगळ्यात खालचा आवाज बेसचा, म्हणजे ही कल्पना त्यांच्या कानात लहानपणीच रुजलेली. ही मंडळी मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आली, तिथून फिल्मी स्टुडिओत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबास्टियन डिसोझा ही त्यांतली मोठी नावं. हिंदी गाण्याला सुरांची तळमजल्यापासून बांधणी मिळाली त्यात या लोकांचा हात फार मोठा.

आता ते साल, 1971. जेमरसन यांचं नाव तिकडे छापलं गेलं त्याच वर्षी आपल्याकडे 'दम मारो दम' आलं. पुढच्या वर्षी 'जवानी दिवानी'. त्यातलं 'जाने जां ढूँढता' फक्त बेससाठी एकदा ऐका. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्यासारखे बेसवादक होते. पण तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक. वादक नाहीत! आपण ही गाणी पन्नास वर्षं गुणगुणतो, आणि त्यांची जमीन कोणी धरली हे आपल्याला माहीत नाही.

मुंबईत इंग्रजी रॉकचीही एक पिढी घडली. 1984 मध्ये 'रॉक मशीन' उभं राहिलं, 1986 पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' भरू लागला. त्या पिढीने कॅसेट मागे-पुढे करून, कान लावून पीस बसवले. आज मोबाइलवर बोटं कुठे ठेवायची हे आयतं दिसतं. ते वाईट नाही. पण त्यात बोटं शिकतात, कान शिकत नाही. आणि कान तयार नसेल तर दुसरा आणि तिसरा कठीणपणा दिसतच नाही. दिसतो फक्त वेग.

म्हणून कठीण पीस शोधण्याची माझी रीत साधी आहे. गाणं लावा, गायकाला विसरा, सगळ्यात खालचा आवाज पकडा. तो आधी गळ्याने गा. मग हातावर टाळी देत सम शोधा. गिटार त्यानंतर घ्या. असं करताना जिथे अडाल, तो तुमचा कठीण पीस. दुसऱ्याची यादी तुमच्या कामाची नाही.

आणि त्यातला निदान एक पीस घरातल्या जुन्या हिंदी गाण्यातला असू द्या. ऐकून तो कागदावर उतरवा. वादकाचं नाव शोधा, सापडलं तर तेही वर लिहा. 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या वेष्टनावर जे झालं, ते आपल्याकडच्या वादकांसाठी तुमच्या वहीच्या पानावर तरी होऊ दे.