जिम अ‍ॅबट : एका हाताच्या पिचरची कारकीर्द

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट या मोटार-उद्योगाच्या शहरात १९ सप्टेंबर १९६७ रोजी जेम्स अँथनी ऊर्फ जिम अ‍ॅबट यांचा जन्म झाला. जन्मतःच त्यांना उजव्या हाताचा पंजा नव्हता. तरीही बेसबॉलच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते ते सहानुभूतीपोटी नव्हे, तर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, या नात्याने त्यांनी मिळविलेल्या यशामुळे.

या खेळात एका हातात ग्लोव्ह घालून चेंडू झेलायचा आणि दुसऱ्या हाताने फेकायचा असतो. अ‍ॅबट यांना ही दोन्ही कामे डाव्या हातानेच करावी लागत. चेंडू टाकताना ते ग्लोव्ह उजव्या हाताच्या टोकावर टेकवून ठेवीत आणि चेंडू सुटताच डावा हात त्यात सरकवीत. चेंडू अडविल्यावर ग्लोव्ह उजव्या हाताखाली दाबून डावा हात चेंडूसह बाहेर काढीत व तत्काळ फेक करीत. बालपणी भिंतीवर चेंडू मारीत, हळूहळू भिंतीच्या अधिक जवळ सरकत, त्यांनी ही चपळाई अंगी बाणविली.

फ्लिंट सेंट्रल हायस्कूलमध्ये ते अमेरिकन फुटबॉलच्या संघातही क्वार्टरबॅक म्हणून खेळले. बेसबॉलमध्ये प्रतिस्पर्धी मुद्दाम त्यांच्या दिशेने हलके टोले मारून त्यांची परीक्षा पाहत. उत्तर मैदानावरच मिळे.

१९८५ साली टोरोंटो ब्लू जेज या व्यावसायिक संघाने त्यांची निवड केली. परंतु त्यांनी मिशिगन विद्यापीठात प्रवेश घेणे पसंत केले. तेथील तीन हंगामांत त्यांच्या नावावर २६ विजय आणि केवळ ८ पराभव लागले. १९८७ मध्ये त्यांनी हवानात बलाढ्य क्यूबाच्या संघाला नमविले. त्याच वर्षासाठी त्यांना गोल्डन स्पाइक्स व सलिव्हन हे पुरस्कार लाभले. सलिव्हन पुरस्कार मिळविणारे ते पहिले बेसबॉलपटू होत. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेसबॉल प्रात्यक्षिक खेळ होता. तेथील अंतिम सामन्यात जपानविरुद्ध अखेरपर्यंत चेंडू टाकून त्यांनी अमेरिकेला विजय मिळवून दिला.

१९८९ मध्ये ते थेट कॅलिफोर्निया एंजल्स संघातून मेजर लीगमध्ये उतरले. ४ सप्टेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्क यांकीजकडून खेळताना त्यांनी क्लीव्हलंडच्या संघाला संपूर्ण सामन्यात एकही 'हिट' मिळू दिली नाही. १९९९ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या खात्यावर ८७ विजय व १०८ पराभव होते. इतर खेळाडूंना लागू होणाऱ्या मापानेच त्यांचीही कारकीर्द मोजली गेली, आणि तिला कोणतीही सवलत लागली नाही.