स्फुरण चढणे आणि चेतविणे : मेळ्यांची पद्ये व राजद्रोहाचे खटले (१८९४–१९०९)

गीत ऐकून श्रोत्याच्या देहावर होणारा परिणाम सांगण्यासाठी मराठीत ज्या शब्दयोजना रूढ आहेत, त्यांत एक साम्य आढळते. अंगावर काटा उभा राहतो, ऊर भरून येतो, डोळ्यांत पाणी येते, त्याला स्फुरण चढते. यांपैकी एकाही वाक्यात श्रोता कर्ता नाही, आणि गीतही कर्ता नाही. कर्तृपद काट्याकडे, उराकडे, पाण्याकडे किंवा स्फुरणाकडे जाते. श्रोता केवळ त्या घटनेचे अधिष्ठान ठरतो. भरताने नाट्यशास्त्रात सांगितलेले स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय हे आठ सात्त्विक भावही याच जातीचे आहेत. ते इच्छेने आणता येत नाहीत, आपोआप उमटतात.

मराठीत याच अनुभवासाठी दुसराही एक क्रियापदांचा वर्ग आहे : चेतविणे, भडकविणे, रडविणे. ही प्रयोजक रूपे होत. येथे कर्ता उघड असतो, कर्म उघड असते, आणि कर्त्यावर दायित्व येते. पहिल्या वर्गात श्रोत्याचा अनुभव बोलतो. दुसऱ्यात आरोप बोलतो. इ. स. १८९४ ते १९०९ या काळात पुणे व नाशिक येथील गीतांसंबंधी जो वाद न्यायासनापर्यंत गेला, तो या दोन व्याकरणांतील वाद होता असे म्हणता येते.

मुंबईत १८९३ साली झालेल्या दंगलीनंतर गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप मिळाले आणि १८९४ पासून पुण्यात मेळे निघू लागले. मेळा म्हणजे गणवेशातील मुलांचा अथवा तरुणांचा गाणारा जथा. प्रमुखाने चरण म्हणावा, इतरांनी तो उचलावा, ध्रुवपदाला सर्वांनी मिळावे आणि टिपऱ्यांनी ताल धरावा, अशी त्याची सर्वसाधारण रीत असे. पद्ये नवी असत. चाली मात्र बहुधा नाटकांतून, पोवाड्यांतून वा भजनांतून लोकांच्या कानी आधीच बसलेल्या असत. त्यामुळे श्रोत्याला शब्द अनोळखी असले तरी ध्रुवपद केव्हा येणार हे त्याच्या देहाला ठाऊक असे. त्या क्षणी ऐकणारा गाणारा होई. पद्यांच्या छापील चोपड्यांत यातले काहीच उरत नाही. तेथे शब्द राहतात, चाल व समूह गळून पडतात.

न्यायालयापुढे आला तो हाच उरलेला भाग. ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकात पुण्यातील शिवराज्याभिषेकोत्सवातील भाषणांचा वृत्तांत व ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता प्रसिद्ध झाली. कवितेत शिवाजी महाराज प्रथमपुरुषात बोलतात आणि पुनरागमनानंतर दिसणाऱ्या देशस्थितीबद्दल शोक करतात. पुढे एका आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांवर कलम १२४ अ खाली खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी मूळ इंग्रजी संज्ञेचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा केला. मराठी कायदेभाषेतील ‘अप्रीती’ या शब्दाची घडणही नेमकी तीच आहे. प्रत्यक्ष दंगा वा बंड झाले की नाही हे पाहण्याचे कारण नाही, मनात तशी भावना उत्पन्न करण्याचा प्रयत्न पुरेसा आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. ज्यूरीत सहा युरोपीय व तीन हिंदी गृहस्थ होते. १४ सप्टेंबर १८९७ रोजी सहा विरुद्ध तीन अशा मताने टिळक दोषी ठरले व त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

ज्यूरीतील बहुसंख्यांपुढे ती कविता इंग्रजी भाषांतरातून आली होती. भाषांतरात विधाने टिकतात. संबोधन टिकत नाही, आणि प्रथमपुरुषातील ‘मी’ कोणाच्या कंठातून आला आहे हे जाणण्यासाठी लागणारा संस्कारही टिकत नाही. मराठी श्रोत्याने पोवाडा व कीर्तन यांतून शेकडो वेळा ऐकलेला तो आवाज परक्या वाचकाला केवळ एका लेखकाचे मत वाटावा, हे स्वाभाविक होते.

चापेकर बंधूंचे उदाहरण या संदर्भात अधिक बोलके आहे. चिंचवडचे हरि विनायक चापेकर हे कीर्तनकार होते व त्यांचे पुत्र कीर्तनात त्यांना साथ करीत. कथेच्या उत्तररंगात श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी कसे येते, हे दामोदर चापेकरांनी लहानपणापासून जवळून पाहिले होते. तरीही उत्सवात म्हटल्या जाणाऱ्या त्यांच्या श्लोकांचा आशय असा, की शिवाजीची कथा भाटाप्रमाणे गाऊन काही साधत नाही, कृती हवी. गीताच्या सामर्थ्याविषयी हा अविश्वास गाणाऱ्यानेच गीतातून सांगावा, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. स्फुरण चढते तसे उतरतेही, हे त्यांना अनुभवाने कळले असावे. दामोदरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी झाली.

नाशिकच्या खटल्यात शिक्षा याहून फार कठोर झाली. गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांनी १९०८ साली ‘लघु अभिनव भारत मेळा’ या नावाने पद्ये प्रसिद्ध केली. त्याबद्दल जून १९०९ मध्ये त्यांना कलम १२१ खाली, म्हणजे राजाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याबद्दल, जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. या वेळी न्यायासनावर मराठी जाणणारे न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर होते. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की पद्यांत आलेली देवादिकांची व शिवाजीसारख्या वीरांची नावे ही निमित्तमात्र असून खरा उपदेश चालू राज्याविरुद्ध युद्धाचा आहे.

हे वाचन अडाणीपणाचे नव्हते. पुराणातील दैत्य कोण आणि वर्तमानातील कोण, हा संकेत चंदावरकरांना कळला, कारण त्या संकेताचे ते स्वतः जाणकार होते. १८९७ च्या न्यायासनाला जे ऐकू आले नाही ते १९०९ च्या न्यायासनाला ऐकू आले. परंतु ऐकू आल्यामुळे शिक्षा सौम्य न होता कडक झाली. गीत समजणे आणि गीताला न्याय देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या प्रकरणाचा कटू धडा होय.

येथे दुसरी बाजूही मांडावयास हवी. मेळ्यांचे कवी निरागस नव्हते. लोक चेतावेत हीच त्यांची इच्छा होती. म्हणजे प्रयोजक क्रियापदावर फिर्यादीइतकाच कवींचाही विश्वास होता. त्या व्याकरणात न बसणारा होता तो श्रोता. ती पद्ये हजारोंनी ऐकली, अनेकांच्या अंगावर रोमांच उभे राहिले असतील, आणि बहुतेक सर्व जण घरी गेले. शस्त्र उचलणारे थोडे होते आणि त्यांची कारणे गीतापलीकडची होती : प्लेगच्या काळातील घरझडत्या, अपमान, आणि आधीपासून जपलेला निश्चय.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली केदारनाथ सिंह प्रकरणात कलम १२४ अ ची व्याप्ती हिंसेच्या वा अव्यवस्थेच्या चिथावणीपुरती मर्यादित केली. पुढे २८ मार्च २०२५ रोजी एका कवितेवरून नोंदविलेला गुन्हा रद्द करताना त्याच न्यायालयाने म्हटले, की शब्दांचा परिणाम दुर्बल मनाच्या नव्हे, तर विचारी व खंबीर मनाच्या व्यक्तीच्या मापाने मोजावा. म्हणजे जो श्रोता १८९७ व १९०९ साली केवळ कर्म होता, त्याला शतकानंतर न्यायालयात कर्तृत्व मिळाले.

अभ्यासकानेही त्यापासून बोध घ्यावा. मेळ्यांच्या चोपड्या व खटल्यांतील भाषांतरे वाचून ‘या गीतांनी लोकांना पेटविले’ असे लिहिणे सोपे आहे. तसे लिहिताना इतिहासकार नकळत फिर्यादीचे क्रियापद उचलतो. बाबाराव १९२१ पर्यंत अंदमानात होते. एका क्रियापदाची किंमत एवढी असू शकते.