न थांबणारे रक्त

इ. स. १८३९ मध्ये बर्लिनचे शस्त्रवैद्य डीफेनबाख यांनी डोळ्याचा एक स्नायू छेदून तिरळेपणा दूर केला आणि या शस्त्रक्रियेचे लोण लवकरच इंग्लंडात पोचले. भूल देण्याची विद्या अजून प्रचारात आली नव्हती. परंतु काम थोडक्या वेळाचे आणि जखम लहानशी, म्हणून तिचे भय कोणास वाटत नसे.

१८४० साली लंडनमध्ये सॅम्युअल आर्मस्ट्राँग लेन यांनी अकरा वर्षांच्या एका मुलावर ही शस्त्रक्रिया केली. ती पार पडली, पण रक्त थांबेना. दिवसामागून दिवस गेले आणि मुलगा मृत्यूच्या दारी येऊन पोचला. रक्तस्रावाची प्रवृत्ती त्याच्या प्रकृतीतच होती.

हा विकार वैद्यकाला अगदीच अपरिचित नव्हता. तो पुरुषांना जडतो, मात्र स्वतः निरोगी असणाऱ्या स्त्रियांकडून पुढच्या पिढीत जातो, हे अमेरिकेतील डॉ. जॉन ऑटो यांनी १८०३ मध्येच नोंदविले होते. १८२८ मध्ये त्याला ‘हिमोफिलिया’ हे नावही मिळाले. उपाय मात्र मिळाला नव्हता.

लेन यांनी रक्त भरण्याच्या प्रयोगांत अग्रेसर असलेल्या डॉ. जेम्स ब्लंडेल यांचा सल्ला घेतला आणि एका निरोगी तरुणीचे ताजे रक्त मुलाच्या शिरेत सोडले. मुलगा वाचला! ही हकीकत त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

या यशात दैवाचाही वाटा होता. लँडस्टायनर यांनी रक्तगट उजेडात आणले ते १९०१ मध्ये. शिवाय निरोगी रक्तातील ज्या प्रथिनाने रक्त गोठते, ते आपण नकळत पुरवीत आहोत, याची लेन यांना कल्पना नव्हती. पुढे १९६४ मध्ये ज्युडिथ पूल यांनी गोठविलेल्या रक्तद्रवातून हा घटक साठवून वापरण्याची सुलभ रीत दाखविली.

आज उणा असलेला घटक शस्त्रक्रियेपूर्वीच देतात आणि जखम भरेपर्यंत त्याचे प्रमाण राखतात. कारण डोळ्यामागे साचलेले रक्त दृष्टीच्या मज्जातंतूवर दाब आणून दृष्टीच हिरावून घेऊ शकते. पण या साऱ्या सिद्धतेच्या आधी एक साधा प्रश्न यावा लागतो: ‘घरात कोणाचे रक्त लवकर थांबत नाही असे घडले आहे काय?’ शस्त्र हाती घेण्यापूर्वी तो विचारला जावा, हाच त्या मुलाच्या सहा दिवसांच्या यातनांचा धडा आहे.